चवळीखाऊ

डोक्याची जखम भरून आली आणि माझा नवरा निम्मा खटला तिथेच हरला. पट्टी होती तोवर अख्खी गल्ली हळहळत होती. केस वाढले, व्रण झाकला गेला, आणि त्याच बायका मला नळावर सांगायला लागल्या, "सितान, बरा झाला की गं तुझा जुमाना! काल रस्त्यात भेटला, घरातल्या एकूण एक माणसाची चौकशी केली."

केलीच असेल. आमच्या कुत्याला गावात माणूस मरायला टेकला तरी समोरच्याला विचारणार, रात्र बरी गेली ना, आई बरी ना, पोरं बरी ना. आणि त्याला कुणी विचारलं तर सगळं उत्तम म्हणणार. हे जुमाना विसरलेला नाही. त्या बायका आणखी जरा थांबल्या असत्या तर त्याने तीच चौकशी पुन्हा पहिल्यापासून केली असती. पण थांबतंय कोण? चांगलं बोलला एवढ्यावर लोक खूश होतात आणि आपल्या वाटेने जातात.

जुमाना त्राओरे सरकीच्या तेलगिरणीत गोदामाचा मुकादम होता. मालकाला दुसरी शेड बांधायची नव्हती, म्हणून त्याने पोती छपरापर्यंत रचायला लावली. थप्पी कलतेय असं जुमाना रोज सांगायचा. शेवटी ती कोसळली ती त्याच्याच अंगावर, आणि डोकं खालच्या सिमेंटवर आपटलं. दवाखान्यातून तो चालत घरी आला तेव्हा मी आनंदाने गल्लीभर गोड लापशी वाटली. नवरा परत आला म्हणून वाटली. कोण परत आलंय ते मला हळूहळू कळत गेलं.

आमच्या मुलीला माझ्या सासूचं नाव ठेवलंय, कोरोतिमी. म्हणून जुमाना तिला लाडाने 'आई' म्हणायचा. आमच्याकडे सगळेच बाप असं म्हणतात. अजूनही तो तिला आईच म्हणतो. फक्त आता त्याला ती खरोखरची आई वाटते, आणि घरी यायला उशीर झाला म्हणून तो त्या एवढ्याशा पोरीची हात धरून माफी मागतो. पोरगी भेदरते. बाहेरून ऐकणाऱ्याला यात काय वेगळं दिसणार? एकदा त्याने पेटती शेगडी उचलून मच्छरदाणीच्या आत नेऊन ठेवली. म्हणे, आईला थंडी वाजतेय. जरा नजर हटली की फाटकातून बाहेर पडतो आणि गिरणीकडे निघतो. मधे हमरस्ता, त्यावर कापसाचे ट्रक. ट्रक थांबतील असं त्याला वाटतं, मुकादम आहे ना तो.

बाजारात माझा चवळीच्या भज्यांचा ठेला होता. तो बंद करून मी घरी बसले. किती दिवस बसणार? मला गिरणीकडून एवढंच हवं होतं की त्यांनी त्याचा महिना बांधून द्यावा, म्हणजे मी त्याच्यापाशी राहू शकेन. ते झालं नाही तर मला ठेल्यावर जावं लागणार, आणि मी ठेल्यावर गेले की त्याला घरात घालून कुलूप लावावं लागणार. बकऱ्यांनासुद्धा आम्ही दिवसा मोकळं सोडतो.

गिरणीच्या मालकाने आधी चार म्हातारे पाठवले, हातात कोलाच्या फळांची पुडी घेऊन. देवाची मर्जी, म्हणाले. माझे थोरले दीर सिरिमान, त्यांनी ती पुडी घ्यायला हातही पुढे केला होता.

"दादा, ती फळं खाल्लीत तर माफ केल्यासारखं होईल," मी म्हटलं.

"मग करावं माफ. ज्याचं मीठ खाल्लं त्याला कोर्टात खेचायचं? त्राओरेंच्या घरात असं कधी झालं नाही."

"त्राओरेंच्या घरात शेगडी मच्छरदाणीत कधी ठेवली होती कुणी?"

"जीभ आवर, सितान. शेवटी जारांची पोर ती जारांचीच पोर."

इथे सांगायला हवं की माझं माहेर जारांचं. आमच्याकडे जारा आणि त्राओरे समोरासमोर आले की एकमेकांचा पाणउतारा करायचा, ही रीत बापजाद्यांपासून चालत आलेली. तू माझा गुलाम, तू चवळीखाऊ, तुझी ऐपत काय. ओळख असो-नसो, बाजारात, मयतीत, कुठेही. राग मानायचा नाही. जो मानतो तो चारचौघांत हलका ठरतो. जुमाना पहिल्यांदा माझ्या ठेल्यावर आला तो हेच बोलत. "बघा, बघा, जारांची पोर आणि चवळी विकतेय! अर्धी तर तळतानाच खात असशील!" मी म्हटलं होतं, "उरलेली अर्धी माझ्या गुलामासाठी ठेवलीय, बस आणि गीळ." तो बसला आणि मग रोज बसायला लागला. लग्न तिथेच ठरलं म्हणायचं.

कोलाची पुडी मी परत पाठवली आणि वकील शोधायला निघाले.

गरिबांना फुकट सल्ला देणारं एक ऑफिस तालुका कचेरीच्या मागे आहे. तिथल्या वकीलबाई, मेरेतू सानोगो, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. मी जुमानाला बरोबर नेलं होतं. त्याने त्यांना रात्र बरी गेली ना विचारलं, आईवडिलांचं विचारलं, मग शांत बसला. मग पुन्हा रात्र बरी गेली ना विचारलं. वकीलबाईंनी दोन्ही वेळा नीट उत्तर दिलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या घटकेला मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी दुसऱ्या वेळेपर्यंत थांबलं होतं.

"ताई," त्या म्हणाल्या, "हाड मोडलं असतं तर सोपं होतं. हे दाखवायला अवघड जाणार. गिरणीवाले म्हणतील, हा ढोंग करतोय, चांगला चालतोय, बोलतोय. डोक्याचं मशीन आहे ते राजधानीत. तिथला हा अहवाल तुम्ही आणलाय, पण त्यात नुसतं लिहिलंय की रक्त होतं ते विरघळलं. म्हणजे न्यायाधीशांनी याला डोळ्यांनीच बघायला पाहिजे."

"बघू द्या की. मी त्यांना घरी बोलावते, एक दिवस राहा म्हणावं."

त्या हसल्या. "न्यायाधीश घरी येत नाहीत. आपणच जायचं. आणि तिथे तुम्ही याला सावरायचं नाही. प्रश्न विचारला, हा अडला, की तुम्ही गप्प. उत्तर सुचवायचं नाही, बाही ओढायची नाही. अडखळू दे."

"चारचौघांत?"

"चारचौघांतच. हा तिथे जितका केविलवाणा दिसेल तितकं तुमचं भलं."

असं भलं देवाने कुणाच्या वाट्याला आणू नये. नवऱ्याने नीट बोलावं म्हणून बायका दुआ मागतात, मी घरी आले आणि त्याने नीट बोलू नये म्हणून मागितली. वकीलबाई असंही म्हणाल्या होत्या की आहे तशा कपड्यात आणा. ते मात्र माझ्याच्याने झालं नाही. त्याचा लग्नातला निळा, पायघोळ बुबू काढला, खळ घातली, कडक इस्त्री केली. झगा असा उभा राहिला की आत कुणी नसतं तरी चाललं असतं.

कोर्टात पुढच्या बाकावर वकीलबाई, मी, जुमाना आणि सिरिमानदादा. खटल्याला दादांचा विरोध होता, पण तमाशा चुकवतील तर ते सिरिमान कसले. वर न्यायाधीश, त्यांच्या एका बाजूला मालकांचा पंच, दुसऱ्या बाजूला कामगारांचा. गिरणीकडून आलेले वकील पिकल्या दाढीचे, पोट सुटलेले, काळ्या झग्यात घाम पुसत बसलेले. नाव ब्रेहिमा जारा. नाव पुकारलं तेव्हा मला जरा बरंच वाटलं. म्हटलं, आपल्यातलाच आहे, फार वाईट वागणार नाही.

न्यायाधीशांनी जुमानाला उभं केलं. रीतीप्रमाणे त्याने त्यांच्या घरादाराची चौकशी केली. त्यांनी मान डोलावली. मग प्रश्न सुरू झाले.

"आज कुठे आलात, त्राओरे?"

जुमाना भिंतीकडे बघत राहिला. "गिरणीत, साहेब. माल उतरायचाय."

"हे कोर्ट आहे. तुमच्या डोक्याला काय झालं होतं?"

"काही नाही. सगळं उत्तम."

"मुलं किती?"

तो माझ्याकडे वळला. मी मान खाली घातली, वकीलबाईंनी सांगितलं होतं तशी. ते त्याचं बघणं मला अजून टोचतं. "एक आहे बहुतेक," तो म्हणाला. "आईला विचारतो."

"आई कुठे असतात?"

"शाळेत गेलीय."

कामगारांच्या पंचाने डोक्याला हात लावला. न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. वकीलबाईंनी बाकाखाली माझा हात घट्ट दाबला. आमचं चांगलं चाललं होतं. आगीत उभ्या माणसाला ऊब लागावी तितपत चांगलं.

मग जारा वकील उठले. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, काढला, कागद खाली ठेवला. जुमानाकडे रोखून बघितलं आणि एकदम गरजले, "काय रे त्राओरे! माझ्या गुलामाला असल्या झग्यात कुणी घातलं?"

जुमानाची मान ताठ झाली. खांदे वर आले. त्याच्या चेहऱ्यावर तो माझ्या ठेल्यावरचा माणूस आला, अख्खाच्या अख्खा.

"जारा! वासावरूनच ओळखलं तुला! पातेलंभर चवळी एकट्याने हाणलीस ना? काळा झगा घाल नाहीतर तंबू, पोट कुठे लपतंय!"

"चवळी तुम्ही खाता! तुझा बाप तर चवळीच्या शेतातच जन्मला!"

"शेत होतं म्हणून जन्मला! तुझा बाप तिथे राखणीला होता. आणि राखणदारानेच शेत खाल्लं!"

मागच्या बाकांवर हशा फुटला. मालकांचा पंच तोंडावर रुमाल धरून हलायला लागला. जारा वकिलांनी छातीवर हात मारला. "साहेब, ऐकताय ना? हा गुलाम बाजारात उभा केला तर याचे किती येतील?"

"माझे येतील तरी!" जुमाना म्हणाला. "जाराला फुकट दिला तरी दुसऱ्या दिवशी लोक परत आणून सोडतात. म्हणतात, घ्या तुमचा, कोठार रिकामं केलं याने!"

न्यायाधीशसुद्धा हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सिरिमानदादा मांडीवर थापा मारत होते, "शाब्बास रे! शाब्बास!" आणि मी हसले. इतक्या महिन्यांचं साचलेलं हसू होतं ते, आवरलंच नाही. माझा नवरा परत आला होता आणि अख्खं कोर्ट त्याच्यावर खूश होतं. फक्त वकीलबाई हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा बघितला आणि मी तोंडावर हात दाबला.

जारा वकिलांनी घाम पुसला आणि लवून हात जोडले. "साहेब, आजवर या कोर्टात मला निरुत्तर करणारा कुणी भेटला नव्हता. आज भेटला, आणि म्हणे याचं डोकं गेलंय. डोकं गेलेला माणूस असा हजरजबाबी असतो? मला आणखी काही म्हणायचं नाही."

"साहेब, हरकत आहे!" वकीलबाई उठल्या. "हे चेष्टेचं बोलणं त्याला लहानपणापासून पाठ आहे. ते डोक्यात वेगळ्याच जागी असतं, नमाजेसारखं. याने काहीही सिद्ध होत नाही."

"वकीलबाई," न्यायाधीश डोळे पुसत म्हणाले, "जारासाहेब काय बोलणार हे त्याला आधी कुठे ठाऊक होतं? आणि जारा-त्राओरेंच्या थट्टेवर हरकत? उद्या माझ्यावर लोक हसतील."

"मग आत्ता त्यालाच विचारा, मघाशी काय बोलला ते."

न्यायाधीशांनी विचारलं, "त्राओरे, जारासाहेबांना काय म्हणालात मघाशी?"

जुमानाला आठवत नव्हतं. त्याच्या पापण्या फडफडल्या त्यावरून मला कळलं, पण त्या पापण्या माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार? त्याने अदबीने मान लववली. "जाराला जे म्हणायचं असतं तेच म्हणालो, साहेब."

पुन्हा हशा. न्यायाधीशांनी वही मिटली.

बाहेर आलो तर वकीलबाई मला म्हणाल्या, "ताई, हे तो करू शकतो हे तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं त्यात?" मी चिडले. "तो पाणी पितो हे तरी कुठे सांगितलं होतं?"

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. पण त्यासुद्धा याच गावात वाढल्या, त्यांच्या तरी कुठे लक्षात आलं होतं?

आवारात कडुलिंबाखाली जारा वकिलांची गाडी उभी होती. ते झगा काढून दारात अडकवत होते. जुमानाने त्यांना बघितलं आणि माझा हात सोडून पुढे गेला.

"जारा! वासावरूनच ओळखलं तुला! पातेलंभर चवळी एकट्याने हाणलीस ना?"

वकील हसले. "पुरे रे बाबा, जिंकलास तू."

"काळा झगा घाल नाहीतर तंबू, पोट कुठे लपतंय!"

झगा त्यांच्या हातात होता, अंगात सदरा होता. ते हसतच होते, पण जरा कमी.

"तुझा बाप राखणीला होता. आणि राखणदारानेच शेत खाल्लं!" जुमाना म्हणाला. तोच सूर, तेच थांबणं, हसण्यासाठी सोडलेली तीच जागा. मग तो पुढचंही म्हणाला, फुकट दिला तरी परत आणून सोडतात, कोठार रिकामं केलं. आणि क्षणभर थांबून, चेहरा पुन्हा उजळून, "जारा! वासावरूनच ओळखलं तुला!"

वकिलांचं हसू गेलं. त्यांनी जुमानाच्या डोळ्यांत बघितलं, मग माझ्याकडे.

"कळलं ना?" मी म्हटलं. "आता आत चला आणि साहेबांना सांगा. मी जारांची आहे. तुमची बहीण लागते मी."

त्यांनी वळून कोर्टाच्या दाराकडे बघितलं. मी खरंच समजले की येतील. मग त्यांनी रुमालाने मान पुसली.

"ताई, आत जे झालं ते लिहून झालंय. मी गिरणीचा वकील आहे. अल्ला त्याला बरं करो."

"अल्लाचं काम अल्लाला सांगू नका. तुमचं करा."

गाडीत बसताना त्यांनी काच वर केली. जुमाना काचेवर टकटक करत होता. "उद्या ये रे गुलामा, चवळी ठेवतो तुझ्यासाठी!" सवयीने म्हणा किंवा लाजेने म्हणा, आतून त्यांनी हात हलवला, आणि गेले.

निकाल लागला. जखम बरी झालेली आहे, कामगाराची बुद्धी शाबूत असल्याचं कोर्टाने समक्ष पाहिलं आहे, सबब दावा फेटाळला. वकीलबाईंनी वरच्या कोर्टात अपील लावलंय. ते कधी निघेल हे त्या कोर्टालाही ठाऊक नाही. फी त्या घेत नाहीत, उलट येताना पोरीला खाऊ आणतात. त्यांच्यावर कशी रागावू? सिरिमानदादा मात्र चहाच्या बैठकीत अजून तो प्रसंग रंगवून सांगतात. आमच्या भावाने भर कोर्टात जाराची कशी जिरवली. खटला आम्ही हरलो हे त्यांच्या गोष्टीत येत नाही.

कुलूप मी स्वतः जाऊन आणलं. दुकानदाराने विचारलं, "कशासाठी, ताई? पेटी, कोठार?" मी म्हटलं, "घरासाठी." चांगलं घ्या, म्हणाला, हल्ली चोऱ्या फार.

सकाळी पोरगी शाळेत गेली की मी जुमानाला जेवायला वाढून ठेवते, शेगडी बाहेर काढते, दार ओढते. कुलूप लागल्याचा आवाज झाला की तो आतून दारावर धडका मारायला लागतो. "उघड! थप्पी कलतेय! पोरं खाली आहेत, उघड!" पहिल्या दिवशी मी तिथेच पायरीवर बसून राहिले आणि ठेला लावलाच नाही. काय म्हटल्याने तो थांबेल ते मला सुचत नव्हतं. जुमाना म्हणून हाक मारली, सितान आहे म्हटलं, कोरोतिमीचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी सुचलं.

आता रोज दाराला तोंड लावून मी ओरडते, "काय रे त्राओरे! माझ्या गुलामाला घरात कुणी बसवलं?"

धडका थांबतात. मग त्याचा आवाज, खणखणीत, "जारा! वासावरूनच ओळखलं तुला!"

मी पुढचं बोलते, तो त्याच्या पुढचं बोलतो. राखणदाराने शेत खाल्लं की तो हसायला लागतो. तो हसत असतानाच वाटलेल्या चवळीचं पातेलं डोक्यावर घेऊन मला निघावं लागतं, हसू थांबायच्या आत कोपरा गाठावा लागतो. शेजारणी नळावर उभ्याच असतात.

"किती हसतो गं तुझा नवरा! नशीब काढलंस, सितान. रात्र बरी गेली ना?"

"सगळं उत्तम," मी म्हणते.